चक्की चालू असताना

माझ्या भिंतीपलीकडे कोणीतरी खोकतं.

जळगावच्या या फ्लॅटमध्ये मी गेल्या दिवाळीनंतर राहायला आले. उन्हाळा सरला तेव्हापासून हा खोकला ऐकते आहे. दुपारची जेवणं झाली की सुरू होतो. आधी दोन कोरडे ठसके, मग थोडं थांबणं, मग खोल छातीतून ओढून काढलेला एक लांबलचक. बाई आहे की पुरुष, तेही नीट कळत नाही. शेजारच्या दारावर फक्त फ्लॅटचा नंबर आहे, नावाची पाटी नाही. आमच्या सोसायटीचा मोबाइलवर ग्रुप आहे. त्यावर पाण्याच्या टाकीचे आणि पार्किंगचे निरोप येतात, वाढदिवसाचे केक येतात. खोकल्याचा निरोप अजून आलेला नाही.

मला बसवत नाही. नोकरीभर पायाला भिंगरी होती, ती निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शालीबरोबर काढून ठेवता आली नाही. जेवण झालं की मी स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जाते आणि परत येते. फरशी पायाला सोसत नाही म्हणून घरातही रबरी चपला घालते. चालत राहते आणि ऐकत राहते. विडीचा खोकला वेगळा, दम्याचा वेगळा, जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबणाऱ्याचा वेगळा आणि आमचा वेगळा. 'आमचा' म्हणजे क्षयाचा. नुसत्या कानाने निदान होत नसतं, बेडका तपासावाच लागतो, हे मी जन्मभर लोकांना घसा कोरडा करून सांगितलं. आता स्वतःच भिंतीला कान लावून उभी असते.

मी क्षयरोगाच्या कामात होते. हुद्दा मोठ्या नावाचा होता, पण गावात तो कोणी उच्चारला नाही. जामनेरला 'टीबीवाल्या मॅडम' होते, अमळनेरकडे आले तेव्हा 'गोळीवाली ताई' झाले, आणि तेच मला बरं वाटे.

हे काम बाहेरच्यांना फार अवघड वाटतं, तसं ते नाही. वजनाप्रमाणे गोळ्या द्यायच्या, रोज, निदान सहा महिने. सुरुवातीला लघवी लालसर होते, माणूस हादरतो, म्हणून आधीच सांगून ठेवायचं. महिनाभरात ताप जातो, भूक लागते, गाल भरतात आणि इथेच घात होतो. माणसाला वाटतं आपण बरे झालो, आणि तो गोळ्या सोडून देतो. आत उरलेले जंतू मग औषधाला सरावतात आणि पुढे साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. म्हणून रोजची गोळी कोणाच्या तरी समोर गिळायची अशी पद्धत पडली. गिळून झाल्यावर तोंड उघडून दाखवायचं, जीभ वर करून दाखवायची. गोळी जिभेखाली लपवण्यात भले भले पटाईत असतात.

तर तो 'कोणीतरी' शोधणं, हीच माझी खरी नोकरी. पेशंटला पहिल्या भेटीत मी एकच प्रश्न विचारायची, तुमचा भरोसा कोणावर आहे? अमळनेरच्या एका हमालाने घरातल्या कोणाचं नाव घेतलं नाही, चहाच्या टपरीवाल्याचं घेतलं. टपरीवाला गोळी गिळल्याशिवाय त्याला कपाला हात लावू देत नसे. जामनेरच्या एका सुनेने सासूचं नाव घेतलं, तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, बाई, नीट विचार केलास ना? त्या सासूने गूळ-शेंगदाण्याचे लाडू करून ठेवले होते. आधी जीभ दाखव, मग लाडू. उलट धुळ्याच्या नव्या वसाहतीत एक साहेब होते. बंगला होता, दारात दोन गाड्या होत्या. माझा प्रश्न ऐकून ते खिडकीबाहेर बघत बसले आणि मग म्हणाले, "सिस्टर, असं कोणी नाही हो." शेवटी त्यांना व्हिडिओ कॉलवर मलाच गोळी दाखवायला लावली. रविवारी एका हाताने भाकरी उलटत मी त्या साहेबांची जीभ बघितलेली आहे. ते हसायचे, मीही हसायचे, पण फोन ठेवल्यावर मला कसंसंच होई.

हे सगळं आठवायला लागलं की माझी गाडी भास्कर नानांपाशी येऊन थांबते. अमळनेर–धुळे रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात नानांची पिठाची चक्की आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. नाना म्हणाले, माझं बिनधास्त लिहा, गावाचं नको. तरी नानांचंही नाव मी थोडं बदललं आहेच.

झालं असं की धुळ्याहून मला एका सहकाऱ्याचा फोन आला. एका पेशंटने तिथे तपासणी करून औषध सुरू केलं होतं, महिनाभर घेतलं आणि मग फिरकलाच नाही. पत्ता दिलेल्या गावात त्या नावाचा माणूस नव्हता. मोबाइल नंबर तेवढा खरा होता. मी फोन लावला. पलीकडून 'चुकीचा नंबर' म्हणून फोन बंद झाला, पण तेवढ्यात मला मागचा आवाज ऐकू आला. चक्की चालू होती. जुनी, दगडाची, पट्टा थोडा फटफटणारी. माझ्या भागात आता घरोघरी घरघंट्या आल्या आहेत, दगडी चक्क्या फार राहिलेल्या नाहीत आणि तो फटफट आवाज मी चांगला ओळखत होते.

पेशंटच्या घरी सरळ गाडी लावायची नाही, हा आमचा अलिखित नियम. गोळीवाल्या ताईची स्कूटी दारात दिसली की पोरीचं लग्न मोडतं. मी डब्यात ज्वारी भरली आणि दळण घेऊन चक्कीवर गेले.

चक्की म्हणजे एक ठेंगणी, कोंदट खोली. एक दार आणि एक खिडकी. तीही पीठ उडू नये म्हणून पोत्याने झाकलेली. बाहेर ओट्यावर डब्यांची रांग. बाया डबा ठेवून निघून जात, घाई असेल त्या आत उभ्या राहत. कोणाच्या डब्यात किती आहे हे कोणी मोजत नसे, कोणाचं पीठ कोणात मिसळल्याची तक्रार कधी नव्हती. नाना सत्तरीकडे झुकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतेला. भुवयांवर पीठ, मिशीवर पीठ. आणि खोकला.

"कधीपासून खोकता नाना?"

"पीठ शे ताई, पीठ. नाकमा जास, तोंडमा जास. खोकला येसच."

मी म्हटलं, "धुळ्याला तपासून आलात, तेव्हाही पीठच होतं का?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग बाहेर ओट्यावर बघितलं. आणि चक्की बंद करण्याऐवजी माझी ज्वारी वरच्या पेटीत ओतली. आवाज सुरू झाला. तेव्हा मला कळलं की या माणसाशी बोलायचं तर चक्की चालू असतानाच. अर्ध्या हातावरचं माणूस ओरडून बोललं तरच ऐकू येतं, आणि ओट्यावरच्या बाईला काही म्हणजे काही कळत नाही. गावातल्या बाया याच आवाजाच्या आडोशाला नानांना आपली दुःखं सांगत, हे पुढे मला त्यांच्या शेजारणीने सांगितलं. नवऱ्याचा मार, जावेचा जाच, सुरतेहून न येणारा मुलाचा फोन. नानांनी त्यातलं एक अक्षर कधी बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

नाना माझ्या कानाशी ओरडले, "गावमा कोनले सांगू नका ताई. पाया पडस."

मी म्हटलं, माझ्या तोंडून जाणार नाही. पण गोळ्या परत सुरू करायच्या, आणि रोज कोणासमोर तरी घ्यायच्या. सांगा, गावात कोणावर भरोसा आहे?

"मन्हा बठ्ठासवर भरोसा शे, बठ्ठासना मन्हावर शे. म्हनीसन तर सांगता येत नही."

सगळ्यांचा एकमेकांवर भरोसा, म्हणूनच सांगता येत नाही, हे वाक्य मला अजून सोडत नाही. ज्याचं कोणी नाही त्याला सांगायला माणूस नसतो, हे मी धुळ्याच्या साहेबांकडे बघितलं होतं. इथे सगळं गाव आपलं होतं आणि तरी तीच गत. चक्कीवाल्याला क्षय आहे असं कळलं तर दळण कोण टाकेल? नानांची चूक इतकीच की त्यांनी हा हिशेब एकट्याने मांडला आणि त्याचं उत्तरही एकट्यानेच ठरवून टाकलं.

मी अडून बसले. शेवटी त्यांनी नाव घेतलं.

"धुरपाअक्का."

आता धुरपाअक्का म्हणजे कोण, तर गावाचा भोंगा. नानांच्या घराला लागून घर. वय झालेलं, अंगाने काटकी, पण आवाज असा की वरच्या आळीत ओरडली तर खालच्या आळीतली म्हैस उठून उभी राहील. कोणाच्या घरी काय शिजलं, काय करपलं, हे अक्काकडून अर्ध्या गावाला कळे. मी म्हटलं, नाना, तुम्ही शुद्धीवर आहात ना?

नाना पहिल्यांदा हसले. म्हणाले, "मन्ही बायको जाताना अक्काले काहीतरी सांगी गई. कितला साल मी इचारस, अक्का सांगत नही. तिनाच भरोसा शे."

दुसऱ्या दिवशी अक्काकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, त्यानेच मी निम्मी घाबरले. मग ती म्हणाली, "मी बोलनारी बाई शे ताई. पन बठ्ठं नही बोलस."

त्या दिवसापासून अक्काचा डबा रोज सकाळी चक्कीवर जाऊ लागला. वर मूठभर ज्वारी, तिच्याखाली गोळ्यांचं पाकीट. गावाला दिसे ते एवढंच की अक्का आजकाल रोज दळण आणते आणि नानांच्या नावाने रोज शंख करते. चक्कीच्या आवाजात तिचं ओरडणं असायचं, "तोंड उघाड! जिभ वर कर!" ऐकणाऱ्याला वाटे, भांडण चाललंय.

गोळ्यांचं मार्गी लागलं तरी मला चैन पडेना. क्षय पसरतो तो हवेतून, ताटातून किंवा पेल्यातून नव्हे. नियमित औषध पोटात जायला लागलं की काही आठवड्यांत बहुतेकांपासून दुसऱ्याला होण्याचा धोका संपत जातो. पण नानांनी मध्ये खंड पाडला होता, पुन्हा तपासून खात्री होईपर्यंत मला भरवसा देता येत नव्हता. आणि ती खोली तशी कोंदट. मी दर दोन-तीन दिवसांनी ज्वारी घेऊन जाई आणि जाता जाता खिडकीवरचं पोतं ओढून टाकी. नाना ते परत लावत. माझ्या घरी ज्वारीच्या पिठाचा ढीग झाला.

"काही आठवडे चक्की बंद ठेवा," मी म्हणायची.

"कानबाई तोंडवर उनी ताई. आते बंद कशी करू?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मी बौद्ध, बोदवडची, माझ्या घरी कानबाई नाही, त्यामुळे मीही हे बाहेरूनच शिकले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. सुरत, नाशिक, पुणे, जिथे जिथे भाऊबंद पांगलेले असतील तिथून गावी येतात. त्या दिवसाच्या प्रसादाला रोट म्हणतात. घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे, आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. बायकांच्या नावाची मूठ का नाही, असं मी अक्काला एकदा टोचून विचारलं होतं. ती म्हणाली, "मूठ ते आम्हीच भरतस ना." तर हे गहू दळताना चक्की आधी झाडून-पुसून लख्ख करावी लागते, दुसऱ्याच्या पिठाचा कणही मिसळता कामा नये. तो मिसळत नाही, हे कळायला नानांच्या शब्दाशिवाय दुसरा मार्ग नाही. सगळ्या गावाचे रोट नानांच्या भरवशावर होत.

आषाढ संपत आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. रोटांच्या दळणाला त्या खोलीत बाया दाटीवाटीने उभ्या राहणार, कडेवर लेकरं असणार. गुप्ततेचा शब्द मी दिलेला, आणि तो मोडायचा नाही हे माझ्या पेशाचंही सांगणं. पण त्या बायांनी माझ्यावरही भरोसा टाकलेला होता की नाही? कोणाचा शब्द पाळायचा? एके दिवशी माझा तोल गेला. चक्की चालू होतीच, मी नानांच्या कानात ओरडले, "पीठ शुद्ध ठेवून काय करता नाना? हवा तर तुमच्या छातीतली आहे!"

नानांनी पेटीत पुढचं दळण ओतलं.

रोटांच्या दळणाच्या सकाळी मी मुद्दाम गेले. काय करणार होते, मलाच ठाऊक नव्हतं. ओट्यावर झाकलेली पातेली घेऊन बाया उभ्या. पहिला मान मोठ्या घरच्या सुमनबाईचा. तिने पातेलं पुढे केलं. चक्की धुतलेली, दारात पाणी शिंपडलेलं. नानांनी हात पुढे केला, तो मागे घेतला आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर ओट्याच्या खाली मोकळ्यावर जाऊन उभे राहिले.

"माले टीबी शे," ते म्हणाले. "हाई दयन मी कसं दयू?"

इतक्या दिवसांत मी नानांना चक्की बंद असताना काही महत्त्वाचं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. मग एकीने कडेवरचं पोर पदराखाली घेतलं. सुमनबाईचे डोळे भरून आले, आणि ती रागाने म्हणाली, "नाना, आम्हले सांगं काब्र नही?"

कोणी शिवी दिली नाही, कोणी आरडाओरडा केला नाही. पातेली उचलून बाया एकेक करून निघून गेल्या. ओटा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी रिकामा, तिसऱ्या दिवशीही. करोनात एकमेकांच्या श्वासाला भ्यायला सगळेच शिकले होते. नानांकडे रोज सकाळी चहा प्यायला येणारा त्यांचा चुलतभाऊही आला नाही. आला तो त्याच्या घरचा डबा, दारात ठेवलेला, बरोबर एक वेगळा पेला. वेगळा पेला म्हणजे काय, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. माझ्या आजीने तो बोदवडला जन्मभर पाहिला होता. मी तो पेला उचलून पिशवीत टाकला.

नाना खचले. मी गेले तर खाटेवर पिशवी भरून तयार. सुरतेला मुलाकडे जातो म्हणाले. मुलगा कारखान्याच्या एका खोलीत चौघांबरोबर राहणारा. तिथे हा माणूस गेला की गोळ्या सुटणार, आजार त्या चौघांत जाणार, आणि नाना काही परत येणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. मी समजावलं, रागावले, हात जोडले. ते नुसते म्हणत राहिले, "देखं ना ताई? देखं ना?"

अक्का दारात येऊन उभी राहिली. आता ज्वारी नव्हती, उघड्या हातात पाकीट होतं. "गोयी खाय, मंग कथा जावानं तठे जाय," ती म्हणाली. नानांनी गोळी खाल्ली. "आते सकायनी गोयी खावाले मन्हाच घर ये." असं म्हणून ती त्यांची पिशवी उचलून आपल्या घरी घेऊन गेली. नानांचं धोतर, टॉवेल, चष्मा, सगळं त्यात. चष्म्याशिवाय नाना एसटीची पाटी वाचू शकत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्याच दिवशी सुमनबाई मला शोधत आली. रोटांचे गहू घेऊन ती शेजारच्या गावच्या चक्कीवर गेली होती. तिथल्या माणसाने 'झाडली, झाडली' म्हणून हात हलवला, पण तिला ते पटेना. दळण न टाकता ती परत आली होती. घरघंटीवर दळावं तर तिच्यात रोज काय काय दळलेलं. मला म्हणाली, "ताई, आजार हवामा ऱ्हास ना? मंग नाना बाहेर बठना ते चाली का?"

तिच्या प्रश्नावर मी तिला मिठी मारायचीच बाकी होती. म्हटलं, चालेल की. दार उघडं, खिडकी उघडी, ते पोतं कायमचं जाळून टाका. नानांच्या तोंडावर रुमाल, आणि नाना बाहेर.

दुसऱ्या दिवशी चक्कीसमोरच्या निंबाखाली नानांची खाट पडली. आत सुमनबाई आणि तिची जाऊ. दोघींनी जन्मात चक्कीला हात लावलेला नव्हता. पहिलं पीठ रव्यासारखं जाड पडलं. नाना निंबाखालून नुसत्या आवाजावर सांगत, "घट्ट कर! आते बस! धान सरनं, टाक!" आतून बाया ओरडत, "उगा ऱ्हा नाना, कयस आम्हले!" रांग पुन्हा लागली, पहिल्यासारखी लांब नाही. दोन घरांनी तोंड फिरवलं ते कायमचं, त्यांनी घरघंटी आणली. पण रोट झाले. नानांच्या भाऊबंदांत नानांच्या नावाची सव्वा मूठ निघाली, आणि अंगणातल्या पंगतीच्या टोकाला नाना बसले. मला रोट मिळाला नाही, मिळणारही नव्हता, नियम म्हणजे नियम. अक्काने मला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि पोळी वाढली आणि दोनदा आग्रह केला.

इथे थांबले असते तर दिवाळी अंकाला छान झालं असतं. पण पुढे जे झालं त्याने माझी झोप उडाली.

नाना उघडपणे बोलल्यामुळे गाव तपासून घ्यायला तयार झालं. एरवी बेडक्याची डबी दिली की बाया ती पदराखाली लपवून उकिरड्यावर टाकत. या वेळी चक्कीच्या ओट्यावर डब्या रांगेने आल्या, वर नावं लिहून. फक्त अक्काने दिली नाही. "माले काय व्हवानं शे?" म्हणून तिने मला तीनतीनदा उडवून लावलं. मी म्हटलं, नंतर बघू. तिचा आवाज इतका दांडगा, ती सतत ओरडत असायची, आणि त्या ओरडण्यात तिचा खोकला मला ऐकूच आला नाही. माझा इतका तयार कान! शेवटी नानांनीच फर्मान काढलं की अक्का डबी देत नाही तोवर मी गोळी घेत नाही. तिने चडफडत डबी दिली. तपासणीत क्षय निघाला.

मी स्कूटी रस्त्याच्या कडेला लावून रडले. चक्कीत सगळ्यात जास्त वेळ उभी राहणारी, नानांच्या सगळ्यात जवळची तीच होती. ज्या वाटेने आजार तिच्याकडे गेला, त्याच वाटेने ती रोज औषध घेऊन येत होती. तिला नानांकडूनच झाला असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही, आधीचाही असेल. पण मला ते समाधान करून घेता येत नाही, आजही येत नाही.

अक्काला विचारलं, तुझा भरोसा कोणावर? तिने नुसती मान निंबाकडे वळवली.

नानांच्या गोळ्या संपत आल्या तशा अक्काच्या सुरू झाल्या. आता सकाळी नाना तिच्या ओट्यावर जात, काठी आपटत.

"तोंड उघाड अक्का. जिभ वर कर."

"मेल्या, जिभ वर करीसन बोलू कशी?"

"म्हनीसन तर सांगस, वर कर."

त्या सहा महिन्यांत रोज तेवढा वेळ तरी गाव शांत राहिलं, असं सुमनबाई म्हणे. नाना बरे झाले. अक्काही बरी झाली, अंगावर थोडं मांस आलं. आवाज होता तसाच आहे. नानांच्या बायकोने जाताना काय सांगितलं, ते तिने त्यांना अजून सांगितलेलं नाही. मलाही सांगितलं नाही, आणि मी काही कमी विचारलं नाही. त्याच वर्षी मी निवृत्त झाले.

हा लेख लिहायला बसले तेव्हा भिंतीपलीकडे पुन्हा सुरू झालं. दोन कोरडे ठसके, थांबणं, मग तो लांबलचक. मी उठले, चालले, बसले, परत उठले. गावात असते तर एव्हाना डबा घेऊन दारात उभी असते. इथे काय म्हणून जाऊ? ना गळ्यात ओळखपत्र, ना खांद्याला पिशवी. कोणाच्या खोकल्याची चौकशी करायला मी कोण? धुळ्याच्या साहेबांचं ते वाक्य आठवलं आणि लक्षात आलं की उद्या मला कोणी विचारलं, ताई, तुमचा भरोसा कोणावर, तर या इमारतीत मीही खिडकीबाहेरच बघत बसेन.

काल दुपारी मात्र निघाले. घरातल्याच चपला पायात, रिकाम्या हाताने. बेल वाजवली. साखळी लावूनच दार किलकिलं झालं. माझ्याच वयाची बाई.

"कोण?"

"मी शेजारची," एवढंच मला सुचलं.

तिने साखळी काढली. मी खोकल्याचा विषय कसा काढावा याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

"बरं झालं बाई, आलात. ह्यांना मी रोज म्हणते, पलीकडे दुपारभर कोणीतरी चालत असतं. इकडून तिकडे, इकडून तिकडे, चपलांचा आवाज येतो. काय होत असेल हो त्यांना, जाऊन एकदा विचारून या. तर हे म्हणतात, ओळख ना पाळख, कसं विचारायचं?"

आतल्या खोलीतून दोन कोरडे ठसके आले.

मी चपला दारात काढल्या आणि आत गेले.